बेकर लेकवरून रिकाम्या हातानं आलेल्या पोरीस

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं. रात्री दोनला घर सोडलंस, ती पेडलवर चालणारी कायाक गाडीच्या टपावर बांधून एकटी वॉशिंग्टन राज्यातल्या काँक्रीट गावावरून बेकर लेकच्या तळ्याला गेलीस, अंधारातच पाण्यात उतरलीस आणि साडेआठला रडत काठाला आलीस. सॉकाय सॅमन पकडायला गेलेलीस, मासा एकही नाही. गरीपुढे डुलणारी ती डॉजरची पत्री आणि ऐंशी फूट दोर दुसऱ्या कुणाच्या केबलमध्ये अडकून गेला, वर त्या बोटवाल्याच्या शिव्या खाल्ल्यास. आता विचारतेस, ‘काका, कायाक विकून टाकू? की मोटर बसवून घेऊ?’

दोन्ही करू नकोस.

तुझ्या चार पानांत कामाचं वाक्य एकच आहे, आणि ते तू जाता जाता लिहून गेलीस. ‘फिश फाइंडरच्या स्क्रीनवर मासे दिसले, मग दिसेनासे झाले, म्हणून मी मागे वळले.’ तिथंच सगळं बिघडलं. जुलैच्या शनिवारी बेकर लेकच्या वरच्या अर्ध्या भागात, बोटीमागे बोट चाललेली असताना, मागे वळायचं नसतं. रेघ धरायची आणि ती सोडायची नाही. पाण्यात उतरण्याआधी समोरच्या डोंगरावरचं एक झाड नजरेत धर, त्या झाडाकडे पेडल मारत राहा. मासे दिसोत, न दिसोत.

तुला वाटतंय की तुझी कायाक लहान पडली. लहान असल्यानं काही बिघडत नाही. तिचा नेम नव्हता, म्हणून बिघडलं. जरा त्या बोटवाल्याच्या जागी बस. त्याच्या दोन्ही बाजूंना डाउनरिगर, म्हणजे गळ खोल नेणारे रहाट, प्रत्येकाच्या केबलला जड गोळा, मागे पन्नास-शंभर फूट दोर. त्याची बोट वीस फुटांची दिसते, पण पाण्याखालचं शेपूट धरलं तर ती सव्वाशे फुटांची असते. त्याची नजर बहुतेक वेळ रॉडच्या टोकावर असते. पुढे तो अधूनमधून बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू कुठं होतीस आणि दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा कुठं, यावरून तो अंदाज बांधतो की तू आता कुठं जाणार. तेवढ्यावर तो तुला चुकवतो. तू मधेच वळलीस की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. समुद्रावरच्या नियमांतही हेच आहे: जिला दुसऱ्यानं वाट द्यायची असते, त्या बोटीनं आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा. ती वाकडीतिकडी हलली तर वाट देणाऱ्यानं द्यायची कशी?

लहानपणी मे महिन्यात मालवणला मामाकडे असायचो तेव्हा रापण ओढायला आम्हा पोरांनाही दोराला लावायचे. दोन टोकांना दोन रांगा. एका रांगेनं उत्साहाच्या भरात घाई केली की जाळं वाकडं यायचं आणि मासळी उघड्या बाजूनं निसटायची. मामा ओरडायचा ते जोर कमी पडला म्हणून कधीच नाही, घाई केली म्हणूनच ओरडायचा. मला ते इथं येऊन, चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता माशाची बाजू. सॉकाय म्हणजे आपला रावस नव्हे, नाव ‘सॅमन’ असलं तरी. समुद्रात तो बारीक प्राणिप्लवक खाऊन वाढतो, त्याच्या मांसाचा लाल रंगही त्या खाण्यातूनच येतो. अंडी घालायला गोड्या पाण्यात परतला की त्याचं खाणं जवळपास थांबतं. म्हणजे तू ज्याच्यासाठी गळ टाकतेस त्याला भूक नाही. त्याच्या नाकासमोर काहीतरी एका तालात डुलत राहतं, राहतं, आणि तो चिडून तोंड घालतो. सगळा खेळ त्या तालाचा. तुझी तीन आमिषं, चार वास, गुलाबी की लाल या प्रश्नांची दोन पानं मी भराभर उलटली. उघड्या लाल गरीवरही सॉकाय लागतो. कोळंबीचा बारीक तुकडा लाव, झालं.

ताल मात्र नीट बघ. पुढच्या वेळी दोर सोडण्याआधी डॉजर कायाकच्या कडेला फूटभर पाण्यात धर आणि पेडल मारायला लाग. वेग कमी असेल तर ती पत्री नुसती ओढली जाईल, मेल्या पानासारखी. ताशी एक मैलाच्या आसपास आलीस की ती जागी होते: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, खूष झालेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखी, आणि दर झोक्याला रॉडच्या टोकाला एक बारीक धक्का येतो. आणखी जोर लावलास की ती गरगर फिरायला लागते. ते नको. डॉजर आणि गरी यांच्यात फक्त हात-सव्वा हात दोर ठेव, म्हणजे तो झोका गरीपर्यंत पोचतो. मग पायांना तो वेग शिकव. स्क्रीनवरचा आकडा बघून नाही, रॉडच्या टोकाच्या धक्क्यावरून. मोटरवाल्या बोटींना इतकं हळू चालायला कसरत करावी लागते. तुला देवानं पाय दिलेत, आणि तू मोटर विकत घ्यायला निघालीस!

वळलीस की काय होतं? आतल्या बाजूचा दोर सैल पडतो, शिसं खाली जातं, डॉजर झोपतो. बाहेरच्या बाजूचा दोर ताणला जातो, वर येतो, डॉजर पिसाटतो. दोरमोजणीच्या रिळावर वीस फूट मोजून सोडलेला गळ आता कुठल्या खोलीवर आहे हे तुलाच माहीत नाही. लोक सांगतील की वळणावरच मासा लागतो. लागतो, खोटं नाही. मंगळवारी दुपारी तळं मोकळं असताना खुशाल नागमोडी फिर. शनिवारी पहाटे वळण हे तुझ्या एकटीचं नसतं.

मी इतका का कडकडतोय ते सांगतो.

बारा वर्षांपूर्वी नॉइझी क्रीकच्या समोर, तू केलंस तेच मी केलं. स्क्रीनवर माशांच्या कमानीच कमानी दिसल्या, पंचवीस फुटांवर, आणि मी ताडकन डावीकडे वळलो. मागून येणाऱ्या बोटीच्या केबलमध्ये माझा दोर गेला, रॉड कायाकला बांधलेला होता, दोर ताणला गेला आणि मी एका अंगावर पाण्यात. ते पाणी माउंट बेकरच्या बर्फाचं. पहिल्या क्षणी छातीवर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखं होतं, श्वास आत खेचला जातो, थांबवता येत नाही. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. माझं लाइफ जॅकेट सीटच्या मागे होतं, गरम होतं म्हणून काढलेलं. त्या बोटीवर सत्तरीचे एक आजोबा होते, त्यांनी माझी कॉलर धरून मला शिडीपर्यंत आणलं. बोटं वाकत नव्हती, शिडी धरता येत नव्हती. ते एक शब्द रागावले नाहीत. स्वतःची केबल त्यांनी हातानं कापली होती. मी घरी बायकोला सांगितलं, पाय घसरून काठावर भिजलो. चार वर्षं सांगितलं. म्हणून तुला सांगतो, जॅकेट अंगावर, चेन गळ्यापर्यंत, कायम. शिट्टी त्याच्या खांद्याला, मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा, उजाडायच्या आत निघालीस तर पांढरा दिवा. याच्यावर मी चर्चा करणार नाही.

आणि हेही लिहितो, कारण हे लिहिल्याशिवाय पत्र खोटं होईल. गेल्या वर्षी माझ्याबरोबर पंधरा वर्षं येणारा मित्र माझ्यावर रागावून गेला, तो अजून आलेला नाही. मागून एक बोट भोंगा वाजवत आली. मी वळलो नाही. त्या बोटवाल्याला आपले गोळे वर घ्यावे लागले, आणि नंतर धक्क्यावर तो माझ्याशी भांडायला आला. मित्र म्हणाला, ‘दोन फूट सरकला असतास तर काय गेलं असतं? तुझा हट्ट झालाय हा.’ मी त्या सकाळचा शंभर वेळा विचार केलाय. माझ्या डावीकडे चाळीस फुटांवर बाप-लेकीची छोटी होडी होती, उजवीकडे झाडांचे बुडालेले बुंधे. मी डावीकडे सरकलो असतो तर ती होडी सरकली असती, मग तिच्या पलीकडचा. मागून येणाऱ्याला सगळं दिसत होतं, मला मागचं दिसत नव्हतं. वाट त्यानं काढायची होती. आजही तसंच करीन. हां, बोट अंगावरच आली तर दोर काप आणि पळ, जिवापेक्षा रॉड मोठा नाही. पण ती अंगावर आली नव्हती, भोंगा वाजवत होती, आणि भोंग्याला घाबरून वळायचं नसतं. मित्राची आठवण येते. तरीही.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस, ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ त्या वाक्यानं माझी झोप गेली.

तू रेंटनला राहतेस. तुझ्या खिडकीतून दिसणाऱ्या लेक वॉशिंग्टनमध्ये २००६च्या जुलैत सॉकायचा हंगाम उघडला होता. माझ्या घरापासून धक्का दहा मिनिटांवर. तेव्हा आमच्या प्रॉडक्टची रिलीज होती, मी रोज संध्याकाळी पुलावरून जाताना बोटींची जत्रा बघायचो आणि म्हणायचो, पुढच्या वर्षी. त्यानंतर त्या तळ्यात सॉकायचा हंगाम उघडलेलाच नाही. साडेतीन लाख मासे आले तर उघडायचा असा आकडा होता, तेवढे आलेच नाहीत. समुद्रातून तळ्याकडे येताना लागणाऱ्या बॅलर्डच्या लॉक्सवर, म्हणजे जलद्वारांवर, मोजणी होते, मी दर उन्हाळ्यात आकडे बघतो. त्या प्रॉडक्टचं नावही आता कुणाला आठवत नाही.

आणि ते मासे मूळचे कुठले? बेकरचेच. १९३५ पासून त्यांची पिल्लं लेक वॉशिंग्टनला मिळणाऱ्या सीडर नदीत सोडली. इकडे बेकरवर १९२५ मध्ये खालचं धरण झालं, १९५९ मध्ये वरचं, माशांची वाट बंद. आजही काँक्रीटला मासे सापळ्यात धरून टाकीच्या ट्रकमधून वर तळ्यात नेऊन सोडतात. १९८५ मध्ये परत आलेले सॉकाय किती होते? नव्व्याण्णव. साऱ्या नदीत नव्व्याण्णव. पिल्लं समुद्राकडे उतरायची सोय, उबवणी, ट्रक, हे सगळं माणसं वर्षानुवर्षं करत राहिली म्हणून आता हजारोंनी येतात आणि तुला-मला गळ टाकता येतो. हे कायमचं आहे असं समजून पुढच्या वर्षावर टाकू नकोस.

बाकीचं भराभर. एकच रॉड लाव. पहाटे पंधरा-वीस फुटांवर सुरू कर, ऊन चढलं की खाली जा. मासा दिसतो त्याच्या जरा वरच गळ ठेव, तो वर बघतो. लागला की पेडल थांबवू नकोस, सरळ चालत राहा, मागच्यांना कळू दे की तू अजून रेघेवर आहेस. त्याचं तोंड नाजूक असतं, ओढाताण केलीस तर फाटतं; जाळी पाण्यातच धर आणि त्याला तिच्यावर आण. कल्ले लगेच काप, रक्त जाऊ दे, बर्फात ठेव, पकडलेल्या माशांच्या कार्डावर नोंद तिथल्या तिथे. मर्यादा दर वर्षी बदलते, निघायच्या आदल्या रात्री नियम वाच. घरी आमसूल आहे का? नसेल तर मी आणतो.

येत्या शनिवारी मी हॉर्सशू कोव्हला पावणेचारला असेन. माझा डॉजर तुला देतो, नवा घेऊ नकोस. पाण्यावर माझ्या उजव्या हाताला शंभर फुटांवर राहा. पलीकडच्या काठावर एक वठलेलं देवदाराचं झाड आहे, टोक मोडलेलं. उजाडलं की दाखवतो. आपण दोघं त्याच्याकडे जायचं. माझ्या रॉडला मासा लागला आणि मी हुरळून वळलो, तर तू माझ्यामागे वळू नकोस.

तुझा,
काका

ता. क. कायाकची जाहिरात टाकली असशील तर आज काढून टाक.