कॅट काढून डायरेक्ट पाइप टाकू का?

प्रश्न (एक वाचक, सांगली): माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली), ८२ हजार किमी झालेत. तीन हजार आरपीएमपर्यंत मस्त पळते, मग कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं. मध्यंतरी एक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) गेली होती, तशीच महिनाभर चालवली. गॅरेजवाला म्हणतो कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपमधला धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढून सरळ मोकळा पाइप टाका, पॉवर वाढेल. मित्र म्हणतो बॅक-प्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा उलटा दाब) गेलं की पिकअप मरेल. कुणाचं ऐकू?

उत्तर: आधी मित्राचं बघू, कारण हा गैरसमज फार जुना आहे. इंजिनला बॅक-प्रेशर कधीच नको असतं हो, पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जेवढा जोर लागतो तेवढी पॉवर वायाच जाते. लागतो तो धुराचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड टाकला की वेग पडतो, जाणारा धूर मागचा धूर ओढून नेईनासा होतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मंद वाटते, मग लोक म्हणतात बॅक-प्रेशर गेलं. मला वाटतं ही समजूत आरएक्स १०० च्या काळातली असावी. टू-स्ट्रोकच्या फुगीर सायलेन्सरमधून दाबाची लाट परत येते आणि निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पण ती लाट वेगळी आणि चोंदलेला पाइप वेगळा. तुमच्या टर्बोला तर टर्बाइनच्या पुढचा रस्ता जितका मोकळा तितकं बरं.

म्हणून गॅरेजवाल्याचं खरं मानायचं का, तर नाही! तुमच्या पत्रातली खरी गोष्ट ती कॉइल आहे. कॉइल गेली की मिसफायर होतो, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, आणि तेव्हा न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जातं आणि तिथे जळतं, आतल्या सिरॅमिक जाळीचं तापमान चौदाशे अंशांच्या आसपास गेलं की ती वितळून बसते. नेमकी लक्षणं तुम्ही लिहिलीत तीच, खाली ठीक आणि वर श्वास कोंडल्यासारखी.

पण अंदाजाने कापाकापी करू नका. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर कॅट मोकळा आहे, दोष दुसरीकडे शोधा. जास्त निघालं तर कॅट बदला, पण आधी कॉइल, प्लग तपासा आणि इंजिन ऑइल खातंय का तेही बघा, नाहीतर नवा कॅटही तसाच जाईल.

डायरेक्ट पाइपचं म्हणाल तर कॅटच्या मागचा सेन्सर पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नाही अशी खूण) टाकून चेक इंजिन लाइट पेटवेल, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) रिमॅपमध्ये ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड जसेच्या तसे तुमच्याच गल्लीत सुटतील, ज्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसन्सही तीन महिन्यांसाठी जातं. परदेशात ट्रॅकवाले २०० सेलचा (जाळीत दर चौरस इंचाला २०० छिद्रं असलेला) मेटल कॅट लावतात, कंपनीच्या ४००-६०० सेलपेक्षा तो मोकळा असतो, पण आपल्या रस्त्यावरच्या गाडीला मी तोही सुचवणार नाही.

आणि कॅट बदललाच तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याचे चांगले पैसे येतात, ते बिलातून वजा करायला सांगा.