थिएटर-कॅफेत रेग्युलर, मीडियम, लार्ज नक्की किती असतं? हे माप ठरवतं कोण?

ठरवणारं कोणी नाहीच. म्हणजे दुकानदारच ठरवतो, आणि छोट्या दुकानात तर त्याच्याकडं त्या दिवशी कुठले कप शिल्लक आहेत त्यावरच ठरतं. तुम्ही लिहिलंय की मल्टिप्लेक्सला रेग्युलर कोल्ड्रिंक सांगितलं तर दोघांना पुरेल एवढा ग्लास आला आणि कॅफेत लार्ज कॉफी घेतली ती चार घोटात संपली. दोन्ही खरं असणार, मला अजिबात नवल वाटलं नाही.

माझं सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला डिस्पोजेबल कप-ग्लासचं होलसेल दुकान आहे, त्यामुळं हा घोळ मी उलट्या बाजूनं बघतो. आमच्या धंद्यात स्मॉल-लार्ज असलं काही चालतच नाही. चहाचे कागदी कप ५५, ६५, ८५, ११० एमएल असे येतात, मग १५०, २१०, २५०, आणि त्याच्या वर मिल्कशेक-कोल्ड्रिंकचे मोठे. चहावाला येऊन सरळ "पासष्टचा बॉक्स टाका" म्हणतो. आता तोच २५० चा कप एका ज्यूस सेंटरला लार्ज होतो, मिरज रोडच्या एखाद्या कॅफेत त्यालाच रेग्युलर म्हणतात, आणि दोघांचे बॉक्स माझ्याच गोडाऊनमधनं गेलेले असतात.

त्यात अजून एक गोम आहे. कपाचं माप असतं ते काठोकाठ भरल्यावरचं, आणि काठोकाठ कोण भरतंय, चहा सांडून हात भाजायचा. त्यामुळं ६५ च्या कपात चहा पन्नास एमएलच्या आसपासच येतो. शिवाय कप खाली निमुळता आणि वर रुंद, म्हणजे वरचं बोटभर रिकामं ठेवलं तर बघणाऱ्याला किरकोळ वाटतं पण मावतं सगळ्यात जास्त तिथंच. आणि बर्फ! ग्लासभर बर्फ टाकून वरनं कोल्ड्रिंक ओतलं की तुमच्या वाट्याला ग्लासाच्या निम्म्याच्या आसपासच ड्रिंक येतं. मशिनमधनं येणारं कोल्ड्रिंक मुळात गार असतं, बर्फ नको म्हटलं तरी काही बिघडत नाही. काउंटरवरची पोरं तोंड वाकडं करतात पण देतात.

पॉपकॉर्नचं तर विचारूच नका. ते टब औंसावर येतात, ८५, १३० असे. १३० औंस म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, म्हणजे घरातल्या मोठ्या पातेल्याएवढं. पण आत लाह्या आहेत हो, साध्या फुललेल्या लाह्या २४० एमएलचा कपभर घेतल्या तर वजन ८ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्या हिशोबानं अख्ख्या टबात सव्वाशे ग्रॅम, तेल-बटर धरून दीडशे-पावणेदोनशे. आमच्या सांगलीत भडंग वजनावर मिळतं म्हणून पावशेर घेतलं की पावशेर, पुडा फुगलेला दिसतोय का चपटा याला काय अर्थ नाही. पॉपकॉर्न आकारमानावर विकतात तिथंच आपण गंडतो.

आणि मधल्या साइजचं काम वेगळंच असतं. समजा स्मॉल २०० ला, मीडियम ३२० ला आणि लार्ज ३५० ला. मीडियम कोणी घ्यावा म्हणून तो बोर्डावर नसतोच, तो असतो "अहो तीसच रुपये जास्त, मोठाच घेऊ" हे तुमच्या तोंडून यावं म्हणून. मार्केटिंगवाले याला डिकॉय, म्हणजे आमिष, म्हणतात, ह्युबर, पेन आणि प्युटो या अमेरिकन संशोधकांनी १९८२ सालीच यावर पेपर लिहून ठेवलाय. त्याच्याही आधी, साठच्या दशकात, शिकागोकडं थिएटरं चालवणाऱ्या डेव्हिड वॉलरस्टीन या माणसाच्या लक्षात आलं होतं की लोकांना अजून पॉपकॉर्न खायचे असतात पण दुसरा पुडा घेताना खादाड दिसू अशी लाज वाटते, म्हणून त्यानं पुडाच मोठा केला. पुढं हा माणूस मॅकडोनाल्ड्समध्ये गेला, तिथं फ्राईजचा पुडा केवढा झाला ते दिसतंयच.

कायद्याचं म्हणाल तर सीलबंद बाटलीवर एमएल आणि एमआरपी छापावी लागते, दूधवाल्याच्या मापावर वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो, बारमध्ये पेगसुद्धा ३० किंवा ६० एमएलच्या मापानं द्यायचा असतो. कपात ओतून दिलेल्या कोल्ड्रिंकवर मात्र एमआरपी नाही आणि रेग्युलर म्हणजे अमुक एमएल असं ठरलेलंही नाही. (दारू पिणाऱ्याला माप आणि सरबत पिणाऱ्याला अंदाज, असा प्रकार.) त्यातल्या त्यात बरं म्हणजे ज्या चेनची दहा किंवा जास्त ठिकाणी आउटलेट आहेत त्यांना एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमानं २०२२ पासून मेनूवर कॅलरी आणि सर्व्हिंग साइज लिहावी लागते. अक्षर बारीक असतं, पण तिथं एमएल नाहीतर ग्रॅम सापडतो. पुण्याबिण्यात स्टारबक्सला गेलात तर पाठच करून ठेवा, शॉर्ट २३७ एमएल, टॉल ३५४, ग्रांडे ४७३, आणि गरम व्हेंटी ५९१. आपल्याला नावावरनं टॉल मोठा वाटतो, तो या चारात खालनं दुसरा आहे.

साध्या हॉटेलात एवढा त्रास नाही. हाफ राईस, फुल हंडी काय असेल ते, वेटरला "किती माणसांना पुरतंय?" विचारलं की तो खरं सांगतो, उलट कधी कधी "साहेब दोघात हाफ बास होईल" असं स्वतःच म्हणतो. रसवंतीला ग्लास समोरच उपडे ठेवलेले असतात, बोट दाखवायचं.

थिएटरातही मी हेच करतो. साइजचं नाव घेतच नाही, मागं रचलेले रिकामे कप असतात ते दाखवून "त्यातला तो बारका, बर्फ नको" म्हणतो, आणि पॉपकॉर्न पाहिजेच असतील तर सगळ्यात लहान. इंटरव्हलनंतर टबाच्या तळाला जे मऊ पडलेले उरतात ते खायला कोणालाच नको असतात. नुसती तहान असेल तर तेवढ्यासाठी बाटली घेऊ नका, प्रेक्षकांना पिण्याचं पाणी फुकट द्यायला पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. कूलर कुठाय ते काउंटरवर विचारा, बहुतेक ठिकाणी टॉयलेटच्या बाजूच्या कोपऱ्यात लपवलेला असतो.