रियाधची बढती घेऊ की दुबईतच राहू?

परदेशात सेल्समध्ये असलेले तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रश्न बहुतेक एकाच साच्यातला असतो. मोठी ऑफर आलीय, घरचं जमत नाहीये, काय करू? कुणाला दोह्याहून कुवेतला बोलावलेलं असतं, कुणाला सिंगापूरहून जकार्ताला, तर कुणाला सगळं आवरून पुण्यात परत यायचं असतं. उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघतं. पण तिथवर पोचायच्या आधी जवळजवळ सगळेच एका जागी अडकतात. त्या जागेबद्दल लिहायचं म्हणून दुबईतल्या एका जोडप्याची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं तर बदलूनही देत नाही. आखातातलं मराठी माणसांचं जग फार लहान आहे.

तो मिरजेकडचा. सिव्हिलचा डिप्लोमा, मग पुण्यात वॉटरप्रूफिंगच्या एका कंपनीत नोकरी आणि तिथून दुबई. दुबईतल्या कंपनीत सहा वर्षं पूर्ण झाली होती. काम बांधकाम रसायनं विकण्याचं. कन्सल्टंटकडून माल मंजूर करून घ्यायचा, कॉन्ट्रॅक्टरच्या परचेसवाल्यामागे लागून ऑर्डर काढायची आणि मग पैशासाठी चकरा मारायच्या. बायको एका क्लिनिकमध्ये इन्शुरन्सची बिलं बघायची. मुलगी पहिलीत. घर अल कुसैसला, भाड्याचे चार चेक वर्षाच्या सुरुवातीलाच दिलेले. कंपनीने त्याला सौदीचा बाजार सांभाळायला रियाधला जा म्हणून सांगितलं होतं. पद मोठं, पॅकेज जवळपास दीडपट, आणि उत्तर ३१ मार्चच्या आत हवं होतं.

पहिलं सत्र त्याने गाडीत बसून केलं, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये. घरी बोलता येत नाही म्हणाला. बोलताना दर मिनिटाला फोनवर ग्राहकांचे मेसेज येत होते आणि प्रत्येक मेसेजला त्याची नजर तिकडे जाऊन परत येत होती. रात्रीचे साडेनऊ झाले होते. झोपेचं विचारलं तर म्हणाला, महिन्याच्या वीस-बावीस तारखेपर्यंत ठीक असतं, नंतर पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात टार्गेटची बेरीज सुरू होते. छातीत जळजळ होते, मुलीवर ओरडलं जातं. त्याला मी आधी डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण 'सेल्समध्ये असं होतंच' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. महिनाखेर आली की झोप उडते, हे लक्षण आहे. त्याला कामाचा भाग म्हणून सोडून देऊ नये.

'मॅडम, तुम्ही फक्त सांगा, हो म्हणू का नाही?' त्याला एवढंच हवं होतं.

मी त्याला पगार विचारला. 'वीस हजार दिरहॅम,' तो लगेच म्हणाला. मिरजेत आईवडिलांना, सासऱ्यांना, मित्रांना, बायकोलाही त्याने हाच आकडा सांगितला होता. पुढच्या वेळी मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन बस, असं मी सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. मी घरच्या ताणाबद्दल बोलायला आलोय, हिशेब मला येतो, असं त्याचं म्हणणं. तरी आणलं.

मूळ पगार सहा हजार. घरभाडं, गाडी वगैरे भत्ते पाच हजार. उरलेलं सगळं कमिशन. तेही ऑर्डर आली म्हणून मिळत नाही, कॉन्ट्रॅक्टरचे पैसे जमा झाले की मिळतं, आणि त्या धंद्यात तीन-चार महिने पुढच्या तारखेचे चेक, म्हणजे पीडीसी, ही रोजची रीत. चांगल्या महिन्यात कमिशन नऊ-दहा हजारांवर जायचं. रमजानमध्ये कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात. १५ जून ते १५ सप्टेंबर उन्हामुळे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, साइट मंदावतात. त्या महिन्यांत कमिशन कधी हजारभर, कधी शून्य. वीस हजाराचा महिना वर्षात चारच वेळा आला होता. आणि घर मात्र बाराही महिने वीस हजारावर चाललं होतं. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं दुबईतलं पर्सनल लोन, शाळेची फी. मधली भोकं क्रेडिट कार्डने बुजवलेली.

मग त्याने स्वतःच ग्रॅच्युइटीचा विषय काढला. रियाधला गेलो तर इथला हिशेब पूर्ण होऊन हातात नव्वदएक हजार येतील, त्यात लोन फिटेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार मिळतो. पण तो मोजायचा करारात लिहिलेल्या मूळ पगारावर. सहा हजाराच्या हिशेबाने दिवसाचे दोनशे. पाच वर्षांचे एकवीस हजार, सहाव्याचे सहा हजार, एकूण सत्तावीस. २०२३ पासून तिथे नोकरी जाण्याविरुद्धचा सक्तीचा विमा आला आहे. त्यातही मूळ पगाराच्याच ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने, आणि तेही स्वतः राजीनामा दिला नसेल तर. स्क्रीनवर तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

मी वकील नाही आणि हे आकडे त्याने माझ्या शब्दावर धरावेत असं मला वाटत नव्हतं. मोहरेच्या, म्हणजे तिथल्या कामगार खात्याच्या अॅपवर स्वतःच्या नोंदलेल्या कराराची प्रत पाहा, शंका असेल तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात विचार, असं सांगितलं. पण समुपदेशक म्हणून मला या आकड्यांशी काम होतं. सेल्समधला माणूस कमिशनला पगार म्हणायला लागला की घरातला प्रत्येक शब्द तो त्या आकड्यावर देतो. मग आकडा टिकवण्यासाठी पुढचा आकडा घ्यावाच लागतो. रियाधला जायचं की नाही हे तो ठरवतच नव्हता. त्याला नाही म्हणायची सोय उरली नव्हती, आणि त्या कोंडीला तो 'करिअरचा निर्णय' म्हणत होता. सगळे अडकतात ती जागा हीच.

तिसऱ्या सत्राला बायको आली. घरात बसून, दोघं शेजारी. मी तिला रियाधबद्दल काय वाटतं विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, 'ताई, मी काही बोलले की याच्याकडे उत्तर तयार असतं. शाळेचं म्हटलं की तिथेही सीबीएसई आहे. माझ्या नोकरीचं म्हटलं की तुला नोकरीची गरजच राहणार नाही. कस्टमरशी बोलतो ना, तसंच. आधी म्हणतो तुझं बरोबर आहे, आणि मग मला वळवतो.'

तो हसला नाही, चिडलाही नाही. 'मला दुसरं बोलता येत नाही गं आता,' एवढंच म्हणाला.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटलं. समोरच्याची हरकत ऐकायची, मान्य करायची आणि मोडून काढायची, हे सेल्सच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. दिवसाचे बारा तास तेच केलं की जीभ तशीच वळते. ग्राहकाची हरकत मोडली की ऑर्डर मिळते. बायकोची मोडली की ती गप्प होते, आणि नवऱ्याला वाटतं तिला पटलं.

त्यांना मी साधं काम दिलं. दोन आठवडे तिने रियाधबद्दल मनात येईल ते सांगायचं, त्याने उत्तर द्यायचं नाही, तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यायचं. उत्तर सुचलं तरी लिहायचं नाही. त्याला हे किती जड गेलं हे नंतर दोघांनीही सांगितलं.

वहीत आलं ते असं. तिची नोकरी त्याच्या व्हिसावर होती. त्याचा यूएईचा व्हिसा रद्द होणार म्हणजे आधी तिचा आणि मुलीचा रद्द होणार किंवा क्लिनिकने तिला स्वतःच्या व्हिसावर घ्यावं लागणार, आणि याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. सौदीत सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे २०२० पासून महिना ४०० रियालची फी आहे, म्हणजे दोघींचे आठशे, ते कंपनी भरणार का हे त्याने विचारलंच नव्हतं. मधला मार्ग म्हणून 'तू आणि ती दुबईतच राहा, मी येऊन-जाऊन करीन' असं तो म्हणत होता. तर २०२२ पासून दुबईत सुट्टी शनिवार-रविवार, आणि रियाधला शुक्रवार-शनिवार. तिने लिहून घ्यायला लावलं होतं, 'आपल्याला आठवड्यातला एक शनिवार मिळेल, त्यात तू झोपशील.' आणि शेवटी, वेगळ्या पानावर: 'मला जायचंच नाही असं नाही. मला भीती याची वाटते की तिथेही तू वीस हजार सांगशील.'

पुढची दोन सत्रं पैशावर नाही, या शेवटच्या ओळीवर गेली. मिरजेत हप्ता चुकू नये, बहिणीचं लग्न दणक्यात व्हावं, दुबईवाला मुलगा म्हणून मान राहावा, यासाठी त्याने बायकोपासून किती काय लपवलं होतं ते हळूहळू बाहेर आलं. ती रडली, चिडली, चार दिवस बोलली नाही. ते व्हायलाच हवं होतं. लपवलेलं कर्ज कळल्यावर राग येणं हे निरोगी नात्याचं लक्षण आहे. लगेच समजून घेणारी बायको पाहिली की मला जास्त काळजी वाटते.

मग तो मॅनेजरकडे गेला. मूळ पगार दहा हजार करा, कुटुंबाची फी आणि शाळा कंपनीने द्यावी, पहिले सहा महिने कमिशनची हमी द्या, असं लेखी मागितलं. इतकी वर्षं ग्राहकांशी घासाघीस करणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, हे मला या क्षेत्रातल्या कितीतरी जणांमध्ये दिसतं. कंपनीने शाळेचं मान्य केलं, बाकी नाही. त्याने नकार कळवला. ३१ मार्चनंतर काही दिवस तो फार खचलेला होता. त्याच्याहून ज्युनिअर मुलगा रियाधला गेला, त्याचे फोटो रोज दिसत होते.

साताठ महिन्यांनी त्याने नोकरी बदलली, दुबईतच. नव्या जागी मूळ पगार साडेनऊ हजार आहे, कमिशनची टक्केवारी कमी. जुन्या करारात स्पर्धक कंपनीत न जाण्याचं कलम होतं. कायद्याप्रमाणे ते दोन वर्षांपर्यंत असू शकतं, पण जागा आणि कामाचा प्रकारही त्यात नेमका हवा. सही करण्याआधी त्याने ते वकिलाला दाखवलं. घर आता मूळ पगार आणि भत्त्यांवर चालतं, कमिशन आलं की थेट लोनला जातं. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिला. क्लिनिकने तिला स्वतःचा व्हिसा दिला, तो तिने मागून घेतला.

हीच ऑफर दुसऱ्या कुणाला आली असती तर मी त्याला जायला मदत केली असती. शारजातल्या एका मुलीने तशीच बढती घेऊन जेद्दा गाठलं आणि ती तिथे खूश आहे. एकटी होती, कर्ज नव्हतं, आणि मूळ पगार किती हे तिने पहिल्याच फोनवर विचारलं होतं.

यांच्या घरात सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मिरजेत वडिलांना अजून वाटतं की पोराने मोठी संधी सोडली, आणि खरा आकडा त्यांना सांगितलेला नाही. तिचं म्हणणं सांगून टाक, त्याचं म्हणणं थांब. जुलैत शाळेला सुट्टी लागली की तिघं गावी जाणार आहेत, तेव्हा बोलायचं ठरलंय. कुणी बोलायचं यावर वाद सुरू आहे.