ग्राफिक्स कार्ड खाली झुकलंय, टेकू लावू का?

प्रश्न : दादा, दिवाळीच्या ऑफरमध्ये तीन फॅनवालं मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं. आता कॅबिनेटच्या काचेतून बघितलं की त्याचं पुढचं टोक खाली आलेलं दिसतं. गेम मस्त चालतात, टेम्परेचरही नॉर्मल आहे. मित्र म्हणतो मदरबोर्डचा स्लॉट उखडून येणार, दुकानदार म्हणतो सगळ्यांचंच असं असतं, टेन्शन नका घेऊ. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली

उत्तर : आजच्यापुरतं दुकानदाराचं ऐका, पण टेकू लावाच. चालू कार्ड थोडं झुकलंय म्हणून उद्या बंद पडत नाही, वर्षानुवर्षं तसंच चालणारी कार्डं भरपूर आहेत. पण तुमचा मित्र स्लॉटची काळजी करतोय आणि खरी नाजूक जागा स्लॉट नाहीये, ती कार्डाच्या स्वतःच्या बोर्डावर आहे.

आता बघा, टॉवर कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं, मागच्या बाजूला पट्टीला एकदोन स्क्रू, एका कडेला मदरबोर्डचा स्लॉट, आणि पुढचं अख्खं टोक अधांतरी, म्हणजे भिंतीत एकाच बाजूने ठोकलेल्या फळीसारखं. एटीएक्सची (कॅबिनेट आणि मदरबोर्डच्या मापांचं ठरलेलं मानक) ही मांडणी आली १९९५ मध्ये, तेव्हाची कार्डं हलकी असायची, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) असला तरी एवढासा. आता एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० दोन किलोच्या वर जातं आणि मांडणी मात्र तीच. ह्यात तुमची काही चूक नाही, कार्ड बनवणाऱ्यांनीच बॉक्समध्ये टेकू द्यायला पाहिजे, काही जण देतात पण. बॉक्स फेकला नसेल तर आधी त्यात शोधा.

कार्ड स्लॉटमध्ये जातं तिथे सोनेरी पट्ट्यांच्या शेवटी बोर्डाला हुकसारखा एक छोटा आकडा असतो, ज्यात स्लॉटची क्लिप अडकते. सगळा ताण तिथल्या कोपऱ्यावर येतो. रिपेअरवाल्यांकडे जड कार्डं येतात त्यात तडा बऱ्याचदा ह्याच कोपऱ्यातून सुरू झालेला असतो, केसाएवढा, टॉर्च तिरका मारल्याशिवाय दिसत नाही. बोर्डाच्या आत तांब्याचे बरेच थर असतात, तडा त्यातून गेला की रिपेअर किचकट, आणि फिजिकल डॅमेज म्हटलं की वॉरंटीवाले हात वर करतात. मदरबोर्डच्या जाहिरातीत स्टीलचं कवच असलेला स्लॉट दाखवतात ना, त्याने स्लॉट वाचतो, कार्डाच्या बोर्डाला त्याचा फार उपयोग नाही.

टेकू विकत आणायच्या आधी एक फुकटचं काम करा, बऱ्याचदा थोडीफार झुक त्यातच जाते. पीसी बंद करून पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, आणि कॅबिनेट काच वर येईल असं आडवं झोपवा. आता कार्ड उभं राहतं आणि वजन सरळ स्लॉटमध्ये जातं. मागचे स्क्रू ढिले करा, कार्ड हलक्या हाताने नीट खाली बसवा, सरळ आहे ना बघा, मग स्क्रू घट्ट करा, सगळे. बऱ्याच जोडणाऱ्यांनी एकच स्क्रू लावलेला असतो, तोही अर्धवट!

मग टेकू. स्क्रूने वरखाली होणारे, बुडाला चुंबक असलेले छोटे खांब मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. कार्डाच्या मोकळ्या टोकाजवळ लावायचा, मधोमध नाही, आणि टेकवायचा हीटसिंकच्या कडक कडेवर, फॅनच्या पात्यावर किंवा उघड्या बोर्डावर नाही. कार्ड लेव्हलला आलं की थांबा. लोकं जोशात अजून दोन फेरे मारतात आणि टोक वर जातं, मग तोच ताण उलट्या दिशेने. खांब नको असेल तर नीट मापाचा लाकडी ठोकळा पण चालतो, दिसायला गबाळा दिसेल एवढंच. स्पंज मात्र नको, दबतो आणि हवा अडवतो.

आणि हो, बारीक सोळा पिनवाला पॉवर प्लग असेल तर कार्ड वर उचलल्यावर तो पूर्ण आत बसलाय का ते परत दाबून बघा. ४०९० चे प्लग वितळायला लागले होते तेव्हा, २०२२ मध्ये, एनव्हिडियाने प्लग पूर्ण न बसणं हेच मोठं कारण सांगितलं होतं. वायर प्लगपासून तीनचार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, लगेच मोडू नका.

प्रश्न : त्यापेक्षा कार्ड उभंच लावलं तर? स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी रायझर केबल स्वस्तात मिळतेय. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झुकण्याचा प्रश्न सुटतो, दुसरे दोन येतात. कार्ड काचेला फार चिकटलं तर फॅनला हवा मिळत नाही, तापतं. आणि स्वस्त केबल बहुतेक पीसीआयई ३ ची (स्लॉटच्या जोडणीची तिसरी, कमी वेगाची पिढी) असते, कार्ड ४ चं असलं की काळा स्क्रीन, मध्येच रिस्टार्ट असले प्रकार होतात. घेतलीच असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉट जेन ३ वर, म्हणजे तिसऱ्या पिढीवर सेट करा, गेममध्ये फरक फारसा कळत नाही. नुसतं झुकू नये म्हणून एवढा खर्च मी तरी करणार नाही.

प्रश्न : नोकरी बदलली, पीसी नागपूरहून पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून न्यायचाय. टेकू लावलेला आहे, चालेल ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : अजिबात नाही. उभ्या खांबाचा उपयोग पीसी जागेवर असेपर्यंतच, गाडी एका खड्ड्यात आपटली की खांब घसरतो आणि दोन किलोचं कार्ड त्या कोपऱ्यावर हिसका मारतं. कार्ड काढा, अँटीस्टॅटिक पिशवीत घालून त्याच्या मूळ बॉक्समध्ये ठेवा आणि स्वतःच्या बॅगेत न्या. काढताना स्लॉटची क्लिप आधी दाबायची, ओढाताण नको. खांबही काढून ठेवा, नाहीतर तोच आत फिरून मदरबोर्डवर आदळेल.

प्रश्न : माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे, टेकू घेऊ का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. त्याचे बरेच मॉडेल स्लॉटच्या ७५ वॅटवरच चालतात, छोटं हलकं कार्ड आहे. मागचा स्क्रू घट्ट आहे ना बघा, झालं.