उतरलेलं वजन परत का येतं? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, वय ४२, सांगलीला असते. मागच्या वर्षी कडक डाएट करून १२ किलो उतरवले, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आता त्यातले ९ किलो परत आलेत. भूक इतकी लागते की रात्री अकराला उठून शेंगदाणे-गूळ खाते. मिस्टर म्हणतात तुझा जिभेवर ताबाच नाही. खरंच माझंच चुकतंय का?

उत्तर: ताई, नाही. हे उत्तर मिस्टरांनाही वाचून दाखवा.

चरबीच्या पेशी नुसत्या पडून नसतात, त्यांच्यातून लेप्टिन नावाचं हॉर्मोन निघतं आणि मेंदूला कळवत राहतं की कोठारात धान्य आहे, काळजी नको. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ते शोधलं. तुम्ही १२ किलो उतरवलेत तेव्हा लेप्टिन पण उतरलं आणि मेंदूने त्याचा अर्थ लावला, दुष्काळ आलाय! मग तो दोन कामं करतो, भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. म्हणजे तेवढंच चालून आता तुमच्या कॅलरी आधीपेक्षा कमी जळतात. त्यात जठरातून निघणारं घ्रेलिन, म्हणजे भुकेचं हॉर्मोन, तेही वाढतं.

आणि हे चार-आठ दिवसांत निवळत नाही हो. ऑस्ट्रेलियात ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरीवर ठेवून वजन उतरवलं होतं, २०११ साली त्याचे निकाल छापून आले. वर्षभरानंतरही त्यांचं लेप्टिन खालीच आणि घ्रेलिन वरच होतं, आणि भूकही आधीपेक्षा जास्त. रात्री अकराला तुम्हाला उठवते ती हीच भूक.

मग लेप्टिनच का देत नाहीत, असं बरेच जण विचारतात. कारण लठ्ठ माणसात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही. जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशी फार थोडी मुलं असतात, त्यांना मात्र त्याने अक्षरशः नवं आयुष्य मिळतं.

आता करायचं काय, तर परत १२ किलोच्या मागे लागू नका. आत्ताच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरले आणि टिकले तरी शुगर, बीपीला खूप फरक पडतो. रात्रीच्या जेवणात घट्ट वरण, उसळ, अंडं, दही यातलं काहीतरी पोटभर असू दे, नुसत्या सूपवर झोपलात तर अकराला जाग येणारच. आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलायचा व्यायाम करा, स्नायू टिकले पाहिजेत. आणि झोप! दोनच रात्री चार-चार तास झोपवलेल्या तरुणांमध्ये लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त दिसलं होतं, त्यामुळे रात्री मोबाईल लांब ठेवा.

प्रश्न: माझं टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) १४ आलं, वजन ८८. गोळी सुरू होऊन चार महिने झाले तरी वजन हलत नाही. थायरॉईडनेच वाढलंय ना?

उत्तर: थोडं. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड कमी पडतंय, आणि त्याने साधारण दोन ते चार किलो वाढतात आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी असतं, चरबी नाही. बाकीच्या किलोंसाठी वेगळा विचार करावा लागेल. पण आधी सांगा, गोळी कशी घेता? सकाळी चहाबरोबर घेत असाल तर ती नीट शोषलीच जात नाही. उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, मग निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास ठेवा. आणि टीएसएच परत तपासलंय का, नसेल तर आता करून घ्या.

प्रश्न: मुलाचं लग्न तीन महिन्यांवर आलंय. आठवड्याला एक घ्यायचं ते इंजेक्शन घेऊन १० किलो कमी करता येतील का? जिमचा ट्रेनर आणून देतो म्हणतो.

उत्तर: ट्रेनरकडून अजिबात नको.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन निघतं, ते मेंदूला पोट भरल्याचं सांगतं आणि काही मिनिटांत संपतं. सेमाग्लुटाईड त्याच धर्तीवर बनवलेलं, पण आठवडाभर टिकणारं औषध आहे. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हे खरंच मोठं यश आहे, मी स्वतः ज्यांना गरज आहे त्यांना लिहून देते. पण ६८ आठवडे बघा, तीन महिने नाही! डोस हळूहळू वाढवावा लागतो, घाई केली की मळमळ, उलट्या. आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, कारण वरच्या ताईंना सांगितलं तेच. हे बीपीच्या गोळीसारखं दीर्घकाळ चालणारं औषध आहे, लग्नापुरतं नाही.

घ्यायचंच असेल तर एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडे जा आणि पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला पूर्वी सूज, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर यातलं काही असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.