टेस्ट स्क्रिप्टचे डिफॉल्ट ऑप्शन: कोणते बदलू द्यायचे, कोणते नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी: व्हर्च्युअल मशीन उभी करून टेस्ट चालवणारी बॅश स्क्रिप्ट ठाण्यात घरच्या लॅपटॉपवर नीट चालते, पण महापेच्या ऑफिस सर्व्हरवर रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सेवेत) गेस्ट, म्हणजे आतलं व्हर्च्युअल मशीन, बूटच होत नाही. मेमरी, सीपीयू वगैरे तुम्ही दोन्हीकडच्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना बॅश वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एक्स्पोर्ट करून ठेवलंय. डिफॉल्ट ऑप्शन नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न.

आधी बूटचं बघू. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'मेमरी दिली असेल तरच ऑप्शन जोड' अशी अट आहे, त्यामुळे रात्री व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि ऑप्शन गेलाच नाही. मग क्यूईएमयूने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामने, स्वतःचं डिफॉल्ट घेतलं, ते एक्स८६ वर 128 एमबी असतं. आजचं उबुंटू तेवढ्यात उभं राहत नाही. सीपीयूही एकच मिळतो. अ‍ॅक्सिलरेटर सांगितला नसेल तर केव्हीएम (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरणारा वेगवान मार्ग) बाजूला राहून टीसीजी लागतो, म्हणजे गेस्टचा प्रत्येक आदेश सॉफ्टवेअरमधून भाषांतरित होऊन चालतो आणि सगळं रेंगाळतं.

बॅशआरसीतल्या त्या ओळी काढूनच टाका. टेस्टचे ऑप्शन टेस्टच्या रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात), स्क्रिप्टच्या शेजारच्या फाइलमध्ये हवेत. पण नुसती जागा बदलून भागणार नाही. ऐरोलीला आमच्या टीममध्ये मी हीच गोष्ट लावून धरतो: ऑप्शन दोन जातींचे असतात, ते वेगळे करा. मेमरी, सीपीयूचं मॉडेल, मशीन टाइप आणि घड्याळ यांच्यावर टेस्टचा निकाल ठरतो. इमेजचा फोल्डर, पोर्ट, एका वेळी किती मशीन चालवायच्या, हे त्या-त्या होस्टवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, अवलंबून असतं. पहिल्या जातीचे ऑप्शन सगळीकडे एकच हवेत. दुसऱ्या जातीचे ज्याने त्याने आपल्या सोयीने बदलावेत.

बॅशमध्ये हे नेमकं बसवता येतं. होस्टचे ऑप्शन रेपोच्या फाइलमध्ये कोलन-बरोबर पद्धतीने लिहा: डॉलर, महिरपी कंस, आत व्हेरिएबलचं नाव, मग कोलन, बरोबरचं चिन्ह आणि मूल्य. ओळीच्या सुरुवातीला एक सुटा कोलन द्यायला विसरू नका, नाहीतर बॅश ते मूल्यच कमांड समजून चालवायला जाईल. या पद्धतीत व्हेरिएबल आधीच भरलेलं असेल तर त्याला हात लागत नाही, रिकामं असेल तरच मूल्य बसतं. कंसातला कोलन गाळलात तर रिकामी स्ट्रिंगसुद्धा 'भरलेली' धरली जाते, म्हणजे तुमच्या क्रॉनसारखा घोळ पुन्हा होऊ शकतो. निकाल ठरवणारे ऑप्शन मात्र साध्या बरोबरच्या चिन्हाने लिहा. मग एन्व्हायर्नमेंटमध्ये कुणी काहीही ठेवलेलं असो, फाइल ते पुसून आपलंच मूल्य बसवते.

क्रमही सांभाळा. आधी होस्टची स्थानिक फाइल वाचा, तीही कोलन-बरोबर पद्धतीने लिहिलेली आणि गिटमधून वगळलेली. मग रेपोची फाइल, आणि सर्वांत शेवटी कमांड लाइन. म्हणजे मेमरी बदलून बघायची असेल तर ती कमांडवर उघडपणे लिहावी लागते, चुकून बदलत नाही.

मशीन टाइपकडे, म्हणजे क्यूईएमयू गेस्टला कोणत्या प्रकारचा संगणक दाखवतो त्याकडे, बहुतेक जण बघतच नाहीत. 'पीसी' किंवा 'क्यू३५' एवढंच लिहिलंत तर ते त्या क्यूईएमयूमधल्या नव्यात नव्या आवृत्तीचं टोपणनाव असतं. उबुंटू 22.04 वर क्यूईएमयू 6.2 येतो, 24.04 वर 8.2. म्हणजे तीच स्क्रिप्ट दोन ठिकाणी दोन वेगळी मशीन उभी करते. आवृत्तीसकट पूर्ण नाव लिहा आणि दोन्ही होस्टवर असणारी, म्हणजे जुनी, आवृत्ती धरा. सीपीयूला 'होस्ट' हे मॉडेल दिलंत तर लॅपटॉप आणि सर्व्हर यांची फीचर वेगळी पडतात. एखादं ठरावीक मॉडेलच लिहा.

घड्याळाचा त्रास आपल्याकडे हमखास होतो. क्यूईएमयू गेस्टला यूटीसी वेळ देतो, आणि क्लाउड इमेजचा टाइमझोनही बहुधा यूटीसीच असतो. तुमचा क्रॉन रात्री एक वाजता सुटतो, तेव्हा गेस्टमध्ये आदल्या दिवसाचे साडेसात वाजलेले असतात, संध्याकाळचे. होस्टवर बनवलेल्या फाइलची तारीख आणि गेस्टमधली 'आजची' तारीख जुळवणारी टेस्ट मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात पडणार आणि दिवसा पास होणार. गेस्टमध्ये आशिया/कोलकाता लावा, किंवा टेस्टला चालत असेल तर आरटीसीला (गेस्टच्या हार्डवेअर घड्याळाला) ठरावीक तारीख द्या.

स्नॅपशॉट डिफॉल्टने चालू ठेवा, म्हणजे टेस्टने केलेले बदल मूळ इमेजमध्ये जात नाहीत. पोर्ट ठरावीक ठेवू नका, सर्व्हरवर दोघांनी एकदम चालवलं की दुसऱ्याचं मशीन सुरूच होत नाही. कर्नल थेट देऊन बूट करत असाल तर त्याला पॅनिक उणे एक (कर्नल कोसळला की लगेच रीबूट) द्या आणि क्यूईएमयूला नो-रीबूट (रीबूटऐवजी बंद). मग पॅनिक झाल्यावर मशीन लगेच बंद होतं, टाइमआउट संपेपर्यंत अडकून राहत नाही.

प्रत्येक रनच्या सुरुवातीला सगळी मूल्यं आणि ती कुठून आली, रेपो, स्थानिक की कमांड, हे लॉगमध्ये छापा. जुलैत रुळांवर पाणी भरून ट्रान्स-हार्बर लोकल थांबली की आमच्यातले निम्मे जण घरूनच लॉग वाचतात. सर्व्हरवर लॉगिन न करता 'मेमरी 2048, रेपो' ही एक ओळ दिसली की अर्धा शोध तिथेच संपतो.

केव्हीएम नसेल तर गुपचूप टीसीजीवर जाण्याचा पर्याय डिफॉल्टमध्ये ठेवू नका, स्क्रिप्ट तिथेच थांबू द्या. महापेचा सर्व्हर स्वतःच व्हर्च्युअल असेल तर त्यावर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन) चालू आहे का, आणि क्रॉनचा युजर केव्हीएम ग्रुपमध्ये आहे का, हे तुमच्या अ‍ॅडमिनना उद्याच विचारा. मेमरी दुरुस्त केल्यावर तुमचा पुढचा अडथळा बहुधा तिथेच असेल.