जुनी मियाटा, अपुरा निधी आणि गॅरेजमधले शनिवार

न्यू जर्सीतील एडिसनहून लिहिणाऱ्या एका वाचकांकडे १९९६ सालची माझदा मियाटा ही कापडी टपाची, दोन आसनांची गाडी आहे. ती १,१८,००० मैल चालली असून वर्कशॉपने ७,९०० डॉलरचे अंदाजपत्रक दिले आहे: टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप १,१००, रेडिएटर व होज ६५०, क्लचचे सिलिंडर ४५०, मागच्या चाकांपुढील गंजलेल्या सिलचे (दाराखालच्या पट्टीचे) पत्रे कापून वेल्डिंग २,६००, नवा टप १,५०० आणि पॉलिशिंग व सिरॅमिक कोटिंग १,६००. ही सर्व कामे घरीच करावीत, त्यासाठी २,९०० डॉलरची साधने व २,३०० डॉलरचे साहित्य घ्यावे आणि हे ५,२०० डॉलर आपत्कालीन निधीतून काढावेत किंवा शून्य टक्के व्याजाच्या कार्डावर टाकावेत, असा त्यांचा विचार आहे. एक ओळखीचे गृहस्थ ८,००० डॉलर देत असताना गाडी विकून मोकळे व्हावे, असे त्यांच्या पत्नींचे म्हणणे आहे. निधीत १४,००० डॉलर आहेत, घरखर्च महिना ६,५०० आणि शिल्लक महिना ९०० डॉलर आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आले आहे, ते म्हणजे ‘गाडीची किंमत वाढतच जाणार, त्यामुळे ही गुंतवणूकच आहे’. ते आधी बाजूला ठेवू. मियाटा १९८९ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा तिची मूळ किंमत १३,८०० डॉलर होती आणि महागाई धरली तर ती रक्कम आजच्या सुमारे ३५,००० डॉलरच्या घरात जाते. तुम्हाला मात्र आज ८,००० मिळत आहेत. चढ्या किमती मोजल्या जातात त्या कमी चाललेल्या, गंज नसलेल्या आणि मूळ रूपातील गाड्यांना, आणि तुमची गाडी त्यांतली नाही. शिवाय खासगी वापराची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात वजा होत नाही, आणि नफा झालाच तर त्यावर मात्र कर लागतो. तेव्हा हा खर्च हौसेचा आहे असे सरळ म्हणावे. हौसेला माझा विरोध नाही. तिचे पैसे कोणत्या खिशातून येतात, एवढेच मला पाहायचे आहे.

निधीच्या खिशातून ते येऊ नयेत. १४,००० डॉलर म्हणजे आजच जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे. त्यातून ५,२०० काढले तर उरलेल्या ८,८०० मध्ये दीड महिनाही निघणार नाही, आणि दोन मुलांच्या, एकाच पगारावर चालणाऱ्या घरात हे धाडस मला मान्य नाही. कार्डाची शून्य टक्क्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या रकमेवर वीस टक्क्यांच्या पुढे व्याज लागणे सर्रास आहे, आणि घरी केलेले काम ठरलेल्या तारखेला संपल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. त्याऐवजी महिन्याच्या शिल्लकेतील ३०० डॉलर गाडीसाठी आणि ६०० निधीसाठी असे वेगळे करा. पंधरा महिन्यांत गाडीसाठी ४,५०० डॉलर जमतील आणि निधी २३,००० वर, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या खर्चापर्यंत पोहोचेल.

आता या ४,५०० मध्ये काय बसवायचे ते पाहू. बेल्ट, रेडिएटर, क्लचचे सिलिंडर आणि पॉलिशिंग या चार कामांचे वर्कशॉप सिरॅमिक कोटिंग धरून ३,८०० डॉलर घेणार आहे. तुमच्याच यादीप्रमाणे त्यांचे साहित्य सुमारे ८०० डॉलरचे आहे आणि जॅक, स्टँड, पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) व साधा ड्युअल ॲक्शन पॉलिशर मिळून आणखी ९०० डॉलर लागतील, म्हणजे कोटिंग सोडून दिले तर २,१०० डॉलर वाचतात. वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसर मात्र यादीतून काढून टाका. सिल हा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, तो वेल्डिंग शिकण्याची जागा नव्हे. शिवाय तुमचे गॅरेज घराला लागून आहे आणि गाडीत पेट्रोल असते. ते काम २,६०० डॉलर देऊन कारागिराकडूनच करून घ्यावे. एकूण ४,३०० होतात. टप आणि सिरॅमिक कोटिंग या हिशेबात नाहीत.

कामांचा क्रमही पैशाच्या दृष्टीने लावावा लागतो. बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो आणि तुमचा दुसरा बेल्ट आता संपत आला आहे. पण या १.८ लिटर इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, त्यामुळे होणारे नुकसान रस्त्यात अडकण्याचे आणि गाडी ओढून नेण्याच्या बिलाचे असते. रेडिएटरचे तसे नाही. त्याची वरची टाकी प्लास्टिकची असते. नवी असताना काळी असलेली ही टाकी उष्णतेने वर्षानुवर्षे शिजून हिरवट तपकिरी होते आणि मग एखाद्या दिवशी तिला तडा जातो. पाणी गेलेले कळायला उशीर झाला, तर ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि ६५० डॉलरच्या कामाचे काही हजार होतात. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात टाकीचा रंग शेवाळी दिसतो आहे. पहिले ३०० डॉलर तिथेच गेले पाहिजेत, त्यानंतर क्लचचे सिलिंडर, आणि बेल्ट हिवाळ्याच्या सुट्टीत.

गाडीखाली जाण्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सिल गंजलेले असताना त्याच्या कडेला जॅक लावू नका. पुढे क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीखाली) जॅक लावून स्टँड सबफ्रेमखाली (चाके जोडलेल्या खालच्या चौकटीखाली) द्या, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. तुमच्या टर्म इन्शुरन्सची रक्कम पत्रात दिलेली नाही. ती कळवा, कारण माझ्या लेखी हा प्रश्न टॉर्क रेंचच्या आधी येतो.

पॉलिशिंग जरूर घरी करा. पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून पाहा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही आणि तुम्ही थेट रंगच झिजवत आहात, तेव्हा हात हलका ठेवा. मी स्वतः एका जुन्या होंडाच्या बॉनेटच्या कडेवर पॉलिशर काही सेकंद जास्त टेकवला होता आणि त्या सेकंदांचे पैसे पेंटरकडे मोजले होते. टपाचेही आयुष्य फुकटात वाढवता येते: तो मागे घेण्याआधी प्लास्टिकच्या मागच्या काचेची चेन उघडून ती सपाट निजवा, आणि थंडीत ती दुमडू नका.

विम्याच्या बाबतीत तुम्ही ज्या ठरलेल्या मूल्याच्या पॉलिसीचा विचार करत आहात, तिला मर्यादित वापराची अट असते. न्यू जर्सीत किमान पंचवीस वर्षे जुन्या गाडीला मिळणारी ऐतिहासिक नंबरप्लेटही रोजच्या वापरासाठी नसते. तुम्ही आठवड्यातून तीनदा मियाटा स्टेशनवर नेता. ते चालू ठेवणार असाल, तर या दोन्ही सवलती तुमच्या हिशेबातून काढून टाका.

राहिला विकण्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सिलच्या आत आहे. या गाडीत टपाचे पाणी आसनांमागच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली पडते; त्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचते आणि गंज पत्रा आतून खातो, म्हणून बाहेर रंगाला फोड आला की आतले काम बरेच पुढे गेलेले असते. २,६०० डॉलरचे अंदाजपत्रक बाहेरून पाहून दिलेले आहे. खरेदीदाराने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तेवढ्यात नळ्या साफ करा, गाडी पत्राकाम करणाऱ्याकडे लिफ्टवर चढवा आणि आतला पत्रा ठोकून पाहायला सांगा. आतला पत्रा शाबूत असेल तर गाडी ठेवा आणि वरच्या हिशेबाने चला. आकडा ४,००० च्या पुढे गेला तर खरेदीदाराला गंजाची पूर्ण कल्पना द्या आणि त्यानंतर ते जी रक्कम देतील ती घ्या, मग ती ८,००० पेक्षा कमी असली तरी. साधनांची ऑर्डर तोपर्यंत देऊ नका.